तुम्ही विचारलंत म्हणून: खुर्ची कुठे गेली?

"पूर्वी तुमच्या चित्रांत निदान खुर्ची तरी दिसायची. आता नेमकं काय म्हणायचंय तुम्हाला?" माझ्या अमूर्त चित्रांच्या प्रदर्शनात हा प्रश्न ठरलेलाच. विचारणारे सहसा खवचटपणे विचारत नाहीत, म्हणून एकदा नीट सांगते.

म्हणायचं असं आधी काहीच नसतं. चित्र पुढे जातं आणि शब्द मागून धापा टाकत येतात. डच अमूर्त चित्रकार मोंद्रियानचंच बघा. १९११ मधल्या त्याच्या करड्या झाडाचं खोड अजून ओळखू येतं. १९१२ च्या फुललेल्या सफरचंदाच्या झाडात नुसत्या वळणदार रेषा उरल्यात. आपल्या चित्रकलेची सविस्तर मांडणी करणारे त्याचे लेख 'द स्टाइल' मासिकात येऊ लागले ते १९१७ मध्ये. तोवर झाड केव्हाच गेलं होतं.

मी खुर्च्या रंगवायचे तेव्हाही माझा जीव तिच्या पायांमधल्या सावलीत असायचा. ट्यूबमधला काळा लावला की सावली मेल्यासारखी दिसते. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर हा तपकिरी मिसळले की जवळजवळ काळाच, पण आतून जागा असलेला रंग मिळतो. निळा जरा जास्त पडला की सावली मागे सरते, अंबर वाढला की पुढे येते. या मागे-पुढे होण्यातच मी गुंतले. मग खुर्चीचा रेखीव पाय मध्ये कडमडायला लागला. एकदा तो ओला असतानाच पॅलेट नाइफनं, म्हणजे रंग कालवायच्या सुरीनं, खरवडला. कॅनव्हासच्या विणीत थोडा रंग अडकून राहिला, आणि तो पुसट डाग अख्ख्या पायापेक्षा जास्त बोलका निघाला. पुढच्या चित्रात पाय रंगवलाच नाही. बदल म्हणतात तो एवढाच.

आता स्टेटमेंटबद्दल, म्हणजे चित्रासोबत लावतात त्या चित्रकाराच्या निवेदनाबद्दल. अवकाश, अस्तित्व, शून्यता वगैरे मजकूर कुणाच्याही चित्राखाली डकवता येतो. (माझ्याही. डकवलाय.) हल्ली मी फक्त काय केलं ते लिहिते: थर दिला, सुकू दिला, वरून झिंक व्हाइट या पांढऱ्या रंगाचा पातळ हात फिरवला. झिंकच, कारण टायटॅनियम व्हाइट खालचं सगळं झाकून टाकतो आणि मला खालचं दिसायला हवं असतं. एवढं वाचल्यावर लोक पुन्हा चित्राजवळ जातात, नाक लावून कडा तपासतात. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंड्यांबद्दल लिहिताना झेन आणि ध्यान हटकून येतं. ते खोटं आहे असं नाही, पण ते रोलरनं आणि पॅलेट नाइफनं रंग चढवत-उतरवत, यातून मला त्यांची चित्रं जास्त कळली.

सध्या सावलीही कॅनव्हासच्या कडेकडे सरकायला लागलीय. का, ते आत्ताच विचारू नका. आणखी काही चित्रं होऊ द्यात.