उतारावरची लाकडी गाडी, नोंद चौथी : आस बारीक केला

मागच्या वेळी गाडी ५.१ मीटरवर थांबली होती. फळीचं टोक २० सेंटीमीटर उंच. गाडी ढकलायची नाही, नुसती सोडायची आणि सुटल्या जागेपासूनचं आडवं अंतर मोजायचं. उंचीला अंतराने भागलं की एकूण रोध, म्हणजे गाडीला अडवणारं बळ तिच्या वजनाच्या किती हिस्सा आहे ते मिळतं : ०.०३९.

दोन आठवडे मी चाकांच्या कडा पॉलिश पेपरने घासत बसलो आणि अंतर बोटभरही वाढलं नाही. चाक जमिनीवर लोळतं. घासतो तो तुंब्याच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, भोकातला पोलादी आस. एका फेऱ्यात गाडी चाकाच्या परिघाइतकी पुढे जाते, घासण मात्र आसाच्या परिघाइतकीच होते. चाकाचा व्यास ४० मिलिमीटर, आसाचा ४, म्हणजे दहावा हिस्सा. आस २ मिलिमीटरचा केला तर विसावा!

जुन्या भोकांत लाकडी खुंट्या ठोकून नवी भोकं पाडली. एक किंचित तिरकं गेलं, चाक डुगडुगू लागलं, ते पुन्हा केलं. मग सोडली : ७.७ मीटर. रोध ०.०२६.

आसाचा वाटा निम्मा झाला तेव्हा ०.०१३ गेले. म्हणजे आसाचे अजून ०.०१३ शिल्लक आहेत आणि बाकीचे ०.०१३ लोळण्याचे. आस विसावा हिस्सा, म्हणून ०.०१३ ला २० ने गुणलं की लाकूड आणि पोलाद यांचा घर्षणांक, म्हणजे घर्षण भाराच्या किती पट ते, ०.२६ निघतो. घरच्या घरी, एका मोजपट्टीवर! त्या दिवशी मी ती वजाबाकी तीनदा करून पाहिली.

वंगण म्हणून आधी तेल घातलं. दुसऱ्या दिवशी भोकांत धुळीचा काळा चिकट लगदा. सगळं पुसून, वाळवून शिसपेन्सिलीतल्या ग्राफाइटची पूड भरली. त्याचे थर एकमेकांवरून सहज सरकतात आणि कोरडे असल्याने धूळ धरत नाहीत. ९.७ मीटर.

२०० ग्रॅमच्या गाडीवर तेवढंच वजन ठेवूनही पाहिलं : ९.६ मीटर. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढतं, हे फ्रेंच शास्त्रज्ञ आमोंतोंने १६९९ मध्ये मांडलं होतं. इथे भार दुप्पट, घर्षण दुप्पट, पण उतारावर मिळणारी ऊर्जाही दुप्पट. म्हणून अंतर जवळपास तेच.

आता लोळण्याचे ०.०१३ डोळ्यांत खुपताहेत. पुढची चाकं ६० मिलिमीटरची कापायला घेतली आहेत.