वेसकराच्या काठीचं भूत

आमच्या केज-अंबाजोगाईच्या पट्ट्यात जिथे पडकी गढी, तिथे बुरुजाची गोष्ट ठरलेली. दिवसा बुरुज बांधावा आणि रात्री तो ढासळावा. मग मालकाला दृष्टान्त होतो, पायात माणूस चिणला जातो आणि बुरुज उभा राहतो. चिणलेला माणूस कोण, तर महार नाहीतर मांग. सांगणारा हे इतक्या सहज सांगतो, जणू बांधकामाला चुना किती लागला ते सांगतोय. लहानपणी मी विचारलं होतं, मग त्याचं भूत झालं का? "त्याचं कशाला हुतंय?" असं उत्तर मिळालं. पिंपळावरच्या मुंजाचं मात्र होतं. त्याला पार मिळतो, दिवा मिळतो. पण मुंज ज्याची लागते त्याचाच मुंजा होणार ना!

या गोष्टीला नुसती दंतकथा म्हणून सोडून देता येत नाही, ते मुक्ता साळवेमुळे. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात तिचा निबंध छापून आला. आपल्या लोकांना तेल-शेंदूर पाजून इमारतींच्या पायात पुरत, असं तिने त्यात लिहिलंय. बाजीरावाच्या काळात तालीमखान्यापुढून मांग-महार गेला तर गुलटेकडीच्या मैदानावर त्याच्या डोक्याचा चेंडू आणि तलवारीचा दांडू करून खेळत, हेही लिहिलंय. तो निबंध मी रात्री वाचायला घेतला आणि मध्येच ठेवून दिला. एवढ्या भयकथा पचवलेली बाई मी, पण चौदा वर्षांच्या पोरीचं तीन-चार पानांचं लिखाण काही झेपलं नाही.

हे सगळं आत्ता आठवायला कारण झालं 'द रिफॉर्मेटरी'. तनानारिव ड्यू या आफ्रिकी-अमेरिकी लेखिकेची २०२३ ची कादंबरी. माझं औषधांचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा एक्सपायरीच्या गोळ्यांच्या पट्ट्या काढत काढत ती कानाला लावून ऐकली. काळ १९५०, ठिकाण फ्लोरिडा. रॉबर्ट नावाचा बारा वर्षांचा काळा पोरगा. बहिणीच्या वाटेला गेलेल्या गोऱ्या पोराला तो लाथ मारतो, म्हणून त्याला सुधारगृहात डांबतात. त्याला मेलेली माणसं दिसतात, आणि त्या सुधारगृहात मेलेली पोरं जिकडेतिकडे आहेत.

भुतं दिसणारं पोरगं काय, कुठल्याही कथेत असतं. ड्यूची खरी करामत पुढे आहे. सुधारगृहाच्या वॉर्डनला कळतं की ह्याला भुतं दिसतात, आणि तो त्यालाच ती पकडायच्या कामाला लावतो. ज्याच्या हातून पोरं मेली, तो त्यांचीच भुतं पकडायला त्यांच्याच रंगाचं पोरगं पाठवतो. इथे मी हातातल्या पट्ट्या खाली ठेवल्या.

असली शाळा खरोखर होती. फ्लोरिडातल्याच मारियाना गावातली डोझियर सुधारशाळा १९०० साली सुरू झाली आणि थेट २०११ ला बंद झाली. १९६८ पर्यंत तिथे गोऱ्या आणि काळ्या मुलांची आवारं वेगळी होती. काळ्यांच्या बाजूच्या दफनभूमीत पाइपाचे ३१ क्रूस उभे होते. विद्यापीठाच्या लोकांनी खणून पाहिलं तर ५५ कबरी निघाल्या. ड्यूच्या आजोळचा एक रॉबर्ट १९३७ मध्ये पंधराव्या वर्षी तिथेच मेला. तिने नायकाला त्याचंच नाव दिलंय.

याच जातकुळीतली 'रिंग शाउट' (लेखक पी. जेली क्लार्क) मला तितकी भावली नाही. १९२२ चं जॉर्जिया, काळ्यांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या कू क्लक्स क्लॅन या टोळीत खरेखुरे राक्षस घुसलेले आणि तलवार घेऊन त्यांना कापणारी नायिका. मजा येते, खोटं कशाला बोलू. राक्षस होण्याआधी माणसाच्या मनात द्वेष असावा लागतो, हेही लेखक सांगतो. तरी माझं मन अडतं. राक्षस मेला की वाचणारा हुश्श करतो. ड्यूचा वॉर्डन शेवटपर्यंत पगारी माणूसच राहतो.

दौलताबादच्या किल्ल्यावर गाइड लोक पर्यटकांना अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत नेतात, मशाल विझवतात, वटवाघळं फडफडतात आणि बाया किंचाळतात. त्याच किल्ल्याच्या दाराबाहेर १९३४ साली बाबासाहेब आणि सोबतच्या मंडळींनी पाण्याच्या टाक्यावर हातपाय धुतले. टाकं बाटवलं म्हणून लोक अंगावर धावून आले. शेवटी आत सोडलं, पण पाण्याला हात लावू नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय हे. अंधारीत किंचाळणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही. अर्थात रंग आणि जात एका मापाने मोजता येत नाहीत, ते मला कळतं. पण तो शिपाई आणि तो वॉर्डन मला शेजारी-शेजारी उभे दिसतात.

आता घरचं. माझा पणजा निजामाच्या राज्यात गावचा वेसकर, म्हणजे वेशीची राखण करणारा महार होता. कोणी मेलं की मौतीचा सांगावा घेऊन बालाघाटाच्या डोंगरातून रात्रीचं निघायचं. हातात घुंगराची काठी. पाहुण्याच्या गावात पोचलं की ओट्याच्या खालूनच ओरडायचं. पाणी मिळायचं ते वरून ओंजळीत. बापाबरोबर आमचा आज्जाही जायचा, तेव्हा तो लेकरू होता. मी विचारलं, "आज्जा, भ्या नाही वाटलं का भुताचं?" तर म्हणाला, "भुताला कामून भ्यावं बाई? आमाला कुत्र्याचं भ्या. अन् उशीर झाला तर मालकाचं." १९५६ नंतर घरानं धम्म घेतला आणि ती काठी चुलीत गेली.

शाळेत असताना माझी वाड्यातली एक मैत्रीण मला भुताची गोष्ट सांगायची. मध्यरात्री शिवेवरून घुंगरं वाजत येतात, दार उघडायचं नाही, ज्या घरापुढे थांबतात तिथे मौत येते. तिच्या आजीने म्हणे स्वतः ऐकलं होतं. ऐकलं असणारच. मी घरी येऊन आज्ज्याला सांगितलं. त्याने तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणत्या गावची गं ती म्हातारी?" गाव सांगितलं. "मग व्हय. तिकडं जायचो आमी."

त्यावरून मी एक कथा लिहायला घेतलीय. सांगावा घेऊन निघालेला वेसकर डोंगरात वाटेतच मरतो, पण सांगावा तर पोचवायचाच असतो. तो पोचवतो. वाड्यातल्या म्हातारीला लगेच कळतं की हा मेलेला आहे, याचे पाय जमिनीला टेकत नाहीत. ती घाबरत नाही. सुनेला हाक मारून सांगते, ओट्यावर गोमूत्र शिंपड.

इथपर्यंत लिहून झालंय, पुढे गाडं अडलंय. भाचा म्हणतो, आता वेताळ आण आणि वाडा पेटव. मला वाडा पेटवायचा नाही. सुनेने गोमूत्र शिंपडलं की नाही, तेच अजून ठरत नाही. तुमच्या घरात सांगाव्याला गेलेलं कोणी म्हातारं माणूस असेल, तर परत निघताना त्यांना वाटेसाठी काय देत, तेवढं विचारून मला कळवा. आज्ज्याला ते विचारायचं राहून गेलं आणि कथेत तिथे जागा मोकळी आहे.