सहाशे की सातशे?

त्या दिवशी तात्यांनी माझा परिच्छेद एकदाही न अडखळता वाचून दाखवला आणि मी मनातल्या मनात त्यांची फाईल बंद करायला घेतली. अंगठा गळ्यावरच्या छिद्रावर नीट बसत होता, बाजूने हवा सुटत नव्हती, वाक्यं सलग येत होती. स्वरयंत्र काढल्यावर चार महिन्यांत एवढं जमणं म्हणजे आमच्या वाचा-उपचार विभागात पेढे वाटण्याजोगं.

"छान झालंय, तात्या."

तात्यांनी नकारार्थी मान हलवली. पाटी पुढे ओढली आणि लिहिलं, 'आकडे घ्या.'

तात्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या एका बाजार समितीत २६ वर्षं कांद्याचे लिलाव पुकारले. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॅक्टरवरून दुसऱ्याकडे सरकत जातो, त्याच्या पुढे राहून बोली चढवत न्यायची, शेवटी एक वार, दोन वार, तीन वार. जोडीला बिडी होतीच. आवाज बसला तेव्हा घरच्यांनी, हमालांनी, खुद्द तात्यांनीही तो ओरडून बसला असंच धरलं. तीन आठवड्यांच्या वर आवाज बसलेला राहिला तर घसा तपासून घ्या, हे आम्ही सांगून थकतो. पण ज्याचा धंदाच ओरडण्याचा, त्याला ते पटावं कसं?

निघाला स्वरयंत्राचा कर्करोग. आधी किरणोपचाराचे ३५ शेक झाले, आठवड्याला पाच या हिशेबाने. शेकाने आवाज सुरुवातीला आणखीच बिघडतो. आतली सूज वाढते, लाळ आटते, घोट गिळताना डोळ्यांत पाणी येतं. पुढच्या काही महिन्यांत तो हळूहळू वर येतो. तात्यांचाही आला, घोगरा, पण त्यांचाच. पावणेदोन वर्षांनी गाठ त्याच जागी पुन्हा दिसली आणि मग सगळं स्वरयंत्रच काढावं लागलं.

या शस्त्रक्रियेनंतर श्वास नाकातोंडातून जात नाही, थेट गळ्याच्या छिद्रातून आत-बाहेर होतो. चहावर फुंकर मारता येत नाही, फोडणीचा वासही नीट येत नाही. बोलण्यासाठी श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या पडद्यात सिलिकॉनची एक छोटी झडप बसवतात. ब्लॉम आणि सिंगर या अमेरिकन जोडीने ही युक्ती १९८० मध्ये मांडली. अंगठ्याने छिद्र दाबलं की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत शिरते, तिथला स्नायू थरथरतो आणि त्या थरथरीचे शब्द होतात. झडप काही महिन्यांनी बदलावी लागते; बुरशी धरली की पाणी झिरपतं आणि ठसका लागतो. परदेशी झडपेची किंमत हजारांत जाते, म्हणून बंगळुरूच्या डॉ. विशाल राव यांनी ५० रुपयांची 'ऑम' झडप काढली तेव्हा आम्हाला तिचं फार अप्रूप वाटलं होतं. तात्यांना आधी गळ्याला टेकवायचं भुणभुणणारं यंत्रही देऊन पाहिलं होतं. नातू म्हणाला, "आबा रोबोट झाले." यंत्र दुसऱ्या दिवशी परत आलं.

तर आकडे. तात्यांच्या मुलाने माझ्या नजरेआड २० आकड्यांची चिठ्ठी लिहिली. मी शेजारच्या खोलीत जाऊन तात्यांना फोन लावला आणि ते बोलतील तसं लिहीत गेले. परत येऊन दोन्ही कागद शेजारी ठेवले. २० पैकी ११ बरोबर. चिठ्ठीत सहाशे, माझ्याकडे सातशे. चिठ्ठीत साठ, माझ्याकडे सात. 'दहा' तर मी चक्क सोडून दिला होता, काहीतरी 'दा' ऐकू आलं होतं म्हणून.

मला माझीच लाज वाटली. परिच्छेदात 'शेतकरी सकाळी उठून' इथवर ऐकलं की पुढचं 'शेतात' कान आपणच भरून घेतो. वर तो परिच्छेद मी शंभरदा ऐकलेला. सुटा आकडा मात्र मागेपुढे काही सांगत नाही. 'एकोणचाळीस'सारखा लांबलचक आकडा कानाला सापडतो, त्याला धरायला जागा पुष्कळ. मार खातात ते छोटे, आणि त्यातही 'ह' असलेले. 'ह' हा नुसता श्वास. तो उघड्या स्वरयंत्रातून वाहतो तेव्हाच ऐकू येतो. इथे ते दारच उरलेलं नाही. त्यामुळे 'सहा'चं 'साआ' होतं, 'हो'चं 'ओ' होतं. 'ठ'मधला जोर गेला की 'साठ' आणि 'सात' एकाच घरात नांदू लागतात. स्वरतंतू क्षणात बंद-चालू होतात, हा नवा स्नायू तेवढा चपळ नाही, म्हणून 'तीन'ही 'दीन'कडे झुकतो.

तात्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि पाटीवर लिहिलं, 'क्विंटलमागे शंभराचा फरक.'

पुन्हा लिलाव पुकारणं शक्य नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. यार्डातली धूळ उघड्या छिद्रातून थेट फुप्फुसात जाणार, आणि त्या गलक्यात हा आवाज दोन हातांवरही पोचला नसता. समितीने त्यांना कार्यालयात बसवायचं कबूल केलं होतं: भाव लिहायचे आणि गावोगावच्या शेतकऱ्यांचे फोन घ्यायचे. फोनवर पाटी काय कामाची? घरीसुद्धा तिचा उपयोग बेताचाच. मावशींना, म्हणजे तात्यांच्या पत्नीला, वाचता येत नाही, आणि मुलगा-सून कामावर गेले की संध्याकाळपर्यंत तात्या भिंतीशी बोलल्यासारखे.

पुढचे तीन आठवडे मी 'ह'च्या मागे लागले. जिभेची मागची बाजू उचला, हवा तिथे घासू द्या, असं चाललं होतं. त्यातून 'सखाशे' निघालं. मुलगा फिसकन हसला, मग तात्याही. त्यांचं हसणं आता बिनआवाजाचं आहे. खांदे हलतात आणि छिद्रापुढची जाळी फडफडते. 'त' मात्र जीभ दातांवर घट्ट रोवून बराच सुधारला.

चौथ्या आठवड्यात तात्यांनी माझ्या वहीकडे पाहिलंही नाही. खिशातून मोबाईल काढला, स्पीकरवर टाकला आणि बाजारात येणाऱ्या एका ओळखीच्या शेतकऱ्याला लावला. त्या पोराने घाईघाईने बारीक कांद्याचा भाव विचारला, "तात्या, गोल्टीला काय भाव निघाला?"

तात्यांनी अंगठा दाबला. "पाचशेवर शंभर."

मी वहीतली पेन्सिल खाली ठेवली. या वाटेने जायचं मला तीन आठवड्यांत सुचलं नव्हतं.

पलीकडे ट्रॅक्टरची धडधड ऐकू येत होती. "म्हणजे सहाशेच ना?"

"ओ," तात्या म्हणाले.

"बरं, मग उद्या आणतो," म्हणून त्याने फोन ठेवला.