तम्माला मराठी येत नव्हतं

आमच्या घरी मराठी, कारखान्यात तेलुगू. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात मी 21 वर्षं हिशेब लिहितोय. मागांच्या खडखडाटात बसून बसून तेलुगू कळायला लागलं, बोलायला मात्र जीभ वळत नाही. कन्नडचा तर प्रश्नच नव्हता. सोलापुरात राहून कन्नड येत नाही म्हणायची खरं तर लाज वाटायला हवी. ज्या सिद्धरामेश्वरांच्या यात्रेला आपण दर संक्रांतीला जातो, त्यांची बाराव्या शतकातली वचनं कन्नडातच आहेत. पण 48 वर्षं काही अडलं नाही. मागच्या मे महिन्यात अडलं.

दुपारचे दोन वाजलेले, बाहेर 43 अंश. सुताच्या गाठी ठेवतो त्या शेडमध्ये वास येतोय म्हणून एक पोरगा सांगत आला. उंदीर मेला असेल म्हणून मी गेलो, तर गाठींच्या फटीत एक तांबूस कुत्रा. जिवंत होता, पण मानेत नायलॉनची दोरी रुतलेली आणि जखमेत अळ्या. दोरीचं दुसरं टोक हातभर लोंबत होतं, चावून तोडलेलं. मागावरचे लोक लांबून तेलुगूत "रा, रा" करत होते, मी "यू यू" केलं. तो कान हलवायला तयार नाही. मी शहाण्यासारखा दोरीला हात घातला आणि त्याने अंगठा फोडला.

सिव्हिलला नंतर गेलो. आधी घरी, कारण जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची असते हे वाचलेलं होतं. पण नळाला पाणी येऊन चौथा दिवस. वाहतं पाणी आणायचं कुठून? हिने बॅरलमधलं शेवटचं पाणी तांब्या तांब्याने माझ्या अंगठ्यावर ओतलं आणि प्रत्येक तांब्याला एक वाक्य ऐकवलं. ती वाक्यं इथे लिहीत नाही.

कुत्र्याला सुताच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळून टेम्पोने जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेटवर वॉचमनने विचारलंच, "काय करलालास बे साहेब, कुत्र्याला टेम्पो?" डॉक्टरांनी भूल देऊन दोरी कापली, चिमट्याने अळ्या काढल्या. तासभर चाललं ते. दातांवरून वय तीनेक वर्षांचं असावं म्हणाले. कानाला खाच नव्हती, म्हणजे नसबंदीसाठी कुणी पकडून नेलेला नव्हता. रक्त तपासलं तर गोचीडताप. डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या, 28 दिवस, जेवणानंतर, आणि दुधातून द्यायच्या नाहीत. दुधातूनच तर देणार होतो आम्ही. मग उकडलेल्या अंड्याच्या बलकात लपवायला लागलो. पहिले चार दिवस बलक खाऊन गोळी शहाबादी फरशीवर नीट बाजूला काढून ठेवायचा.

माझीही इंजेक्शनं चालूच होती. 0, 3, 7 आणि 28 वा दिवस, दोन्ही दंडांत एकेक. त्याच्या गोळ्या दुसऱ्या दिवशी सुरू झाल्यामुळे त्याची शेवटची गोळी आणि माझं शेवटचं इंजेक्शन एकाच दिवशी पडलं. त्या रात्री लेकीने आम्हा दोघांचा एकत्र फोटो काढला. तो भिंतीकडे तोंड करून बसलाय आणि मी अंगठा दाखवतोय.

म्हणजे महिनाभर होऊनही आमची ओळख झालेली नव्हती. ठेवायचं असं कुणी ठरवलंही नव्हतं. "बरा झाला की सोडू" असं ही म्हणायची आणि त्याच्यासाठी न्हाणीघराची फरशी ओली करून ठेवायची. अंथरायला कारखान्यातले सेकंडचे टॉवेल होते. सोलापुरी टर्किश टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. लेकीने नाव रॉकी ठेवलं. रॉकी म्हटलं की तो दाराकडे बघायचा, बहुतेक रॉकी कधी येतोय ते पाहायला. ऐकू येत नसेल असं वाटलं होतं. पण नळाला पाणी यायच्या आधी पाइपात हवा सुसू करते ना, ती त्याला आमच्या आधी ऐकू यायची. पहाटे साडेतीनला उठून मोरीजवळ उभा. पाण्याच्या दिवशी आता गजर लावत नाही आम्ही.

रविवारी आमच्याकडे कडक भाकरी घेऊन एक मावशी येतात, अक्कलकोटच्या बाजूच्या. त्या दिवशी उंबऱ्यात बसून भाकरी मोजत होत्या. कुत्रा पलंगाखाली. त्यांनी वाकून सहज कन्नडमधून म्हटलं, "बा तम्मा, बा इल्ली."

तो आला. नुसता आला नाही, पोट जमिनीला घासत, शेपूट सगळ्या अंगासकट हलवत आला आणि मावशींच्या मांडीवर तोंड ठेवून एक आवाज काढला. तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मावशी म्हणाल्या, "कुंद्रु." बसला. "अय्यो, हे आमच्याकडचंच की हो!"

हिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला, खरं सांगतो, राग आला. महिनाभर गोळ्या मी भरवल्या, अंगठा माझा फुटला, आणि याच्या आत कुणीतरी दुसरंच माणूस बसलेलं. त्याला बस म्हणायला शिकवणारं, हाक मारणारं. मग त्याच माणसाने दोरी बांधली का? की बांधणारा वेगळा होता, आणि हा दोरी तोडून मूळ घरी निघाला होता, वाटेत उन्हाने आमच्या शेडमध्ये शिरला? रस्त्यावरचा कुत्रा उचलून आणला की आपल्याला वाटतं त्याचा जन्म आपल्या दारात झाला. लोकही म्हणतात, "पुण्य केलंत, जीव वाचवला." तीन वर्षांचा कुत्रा म्हणजे बराच संसार झालेला असतो त्याचा.

मावशींनी जाताना विचारलं, "आमच्या गावात विचारू का, कुणाचं हरवलंय का म्हणून?" मी म्हणालो, बघू. पुढच्या रविवारी त्यांनी परत विचारलं, मी परत म्हणालो, बघू. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं नाही. हे मी अजून घरात कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहिल्यावर कळेलच.

त्याऐवजी मी मावशींकडून शब्द घेतले. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून काढले. बा म्हणजे ये, नडी म्हणजे चल, कुंद्रु म्हणजे बस, ब्याड म्हणजे नको, ऊटा म्हणजे जेवण. गप्प बसायला सुम्न कुंद्रु. माझे उच्चार ऐकून तो आधी मान तिरकी करून बघायचा, परगावच्या पाहुण्याचं बोलणं ऐकावं तसं. पण यायचा. रॉकी आपोआप मागे पडून तम्मा झालं. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. ही त्याला मराठीतून रागावते, तेही आता कळतं त्याला. लाड फक्त कन्नडमधून करून घेतो. पट्टा गळ्यात चालत नाही, छातीवरून घालायचा आणलाय. वाळत घालायची दोरी कुणी हातात घेतली की अजून पलंगाखाली जातो. त्याला कुठलीही भाषा चालत नाही.

यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत शोभेच्या दारूच्या रात्री आम्ही खिडक्यांना चादरी लावून, रेडिओ मोठा करून त्याच्याजवळ बसलो. नंदीध्वजांची मिरवणूक मी लहानपणापासून कधी चुकवली नव्हती, यंदा चुकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला घेऊन ही आणि मी अक्कलकोट रोडला चहाला गेलो. यात्रेहून परतणारी माणसं होती, सगळीकडे कन्नड. तम्मा एकदम ताठ झाला आणि पट्टा ओढत एका म्हाताऱ्याकडे गेला. धोतर, काठी, जुन्या चपला. चपला हुंगायला लागला. एक हुंगली, दुसरी हुंगली, परत पहिली. माझ्या हातातला चहा तसाच राहिला. म्हाताऱ्याने त्याच्या डोक्यावर हात ठेवला, मानेवरचा केस न आलेला पट्टा बोटाने चाचपला आणि वर बघून विचारलं, "यार् नायी?"

कुणाचा कुत्रा. एवढं कळत होतं मला.

"नम्दु," मी म्हणालो. आमचा. जरा जोरातच म्हणालो बहुतेक, कारण हिने माझ्याकडे वळून पाहिलं. म्हाताऱ्याने मान हलवली आणि बशीत चहा ओतला. तम्मा अजून चपला हुंगत होता.