खंडेनवमीला आलेला जंबिया

खंडेनवमीच्या आधी सोलापुरात आमच्याकडे घराण्यांतली शस्त्रं साफसफाईला येतात. त्यांत एका वाड्यात ‘शिवकालीन बिचवा’ म्हणून पुजलं जाणारं एक हत्यार आलं. मूठ आणि पात्याच्या सांध्यात वर्षानुवर्षांचं कुंकू दडपून बसलेलं. ओलं कुंकू तिथे मुरलं की गंज आतल्या आत पोखरत जातो. लाकडी काडीने ते सुटं केलं, स्पिरिटचा बोळा फिरवला. पाणी अजिबात लावलं नाही.

बिचव्याचं पातं अरुंद आणि दोनदा वळलेलं, मूठ बहुधा कडीची. हे पातं १९ सेंटिमीटर, रुंद, एकदाच वळलेलं. दोन्ही कडांना धार आणि मधोमध नखाला अडेल असा कणा. पेशकब्ज हा इराणी-मुघल खंजीरही नव्हे, कारण त्याला धार एकीकडेच आणि पाठ जाड. म्हणजे जंबिया, अरबांचा वाकडा खंजीर.

पण कुठला? पात्याच्या बाकावरून मुलूख ठरवणं ही नेहमीची चूक. पाती विकली जात, मुठी बदलल्या जात. म्यान मात्र ते बाळगण्याच्या रिवाजाप्रमाणे घडतं. ओमानी म्यान जवळजवळ काटकोनात वळतं, वर चांदीच्या कड्या. मोरोक्कोच्या म्यानाला दोन बाजूंना दोन कान, कारण ते खांद्यावरून दोरीने लटकवतात. या म्यानाचं टोक पात्याच्या बरंच पुढे जाऊन आकड्यासारखं वर आलेलं: ही येमेनकडची, तिथल्या हद्रमौत प्रांताची धाटणी.

इथे त्याचं नवल नाही. तुळजापूर, नळदुर्ग १९४८ पर्यंत निजामाकडे होते आणि निजामाच्या चाकरीत हद्रमौतचे अरब शिपाई होते. चाऊस आडनाव आजही या भागात आहे.

तिरप्या उजेडात भिंग धरलं तेव्हा कण्याजवळ जौहर, म्हणजे पोलादाची अंगचीच नक्षी दिसली, करड्या पाण्याच्या लाटांसारखी. कडांकडे पॉलिश पेपरने घासून ती पुसली गेलेली. जौहर पोलादात आतपर्यंत असतो, आम्लाने पुन्हा उठवता येतो. पण मूळ पृष्ठभाग त्यात जातो, म्हणून घरच्यांनी चकाकी मागूनही आम्ही नकार दिला. निजामाच्या राज्यात कोनासमुद्रमला असं पोलाद निघे. म्हणून नोंद केली: घाट हद्रमौती, पातं दख्खनी असण्याची शक्यता.

मूठ मात्र हलत होती. आधी कोणीतरी गरम पाण्यात धुतली असणार, आतली लाख सुटली होती. मूठ शिंगाची होती; शिंग गेंड्याचं असेल तर वन्यजीव कायदा आड येतो, त्यामुळे कड उजेडात तपासली: केसांसारखे तंतू नाहीत, पापुद्रे दिसतात. म्हशीचं. नवी लाख भरून मूठ बसवली.

पातं म्यानाबाहेर ठेवा, तेलाचा हात द्या आणि यंदा कुंकू तबकातल्या सुपारीला वाहा, असं घरच्यांना दोनदा सांगितलं.