रॉइसडालचे आभाळ आणि हार्लेमचे कापड

रविवार, रात्र

आज बराच वेळ सतराव्या शतकातला डच चित्रकार याकोब फान रॉइसडाल याने रंगवलेला, नेदरलँड्समधल्या हार्लेम शहराचा देखावा पाहत होतो. मूळ चित्र हेगच्या माउरित्सहाउस संग्रहालयात आहे. माझ्यासमोर होती ती पडद्यावरची प्रतिमा. साधारण १६७० ते १६७५ या काळातले हे तैलचित्र ५५.५ सेंटिमीटर उंच आणि ६२ सेंटिमीटर रुंद, म्हणजे सहज काखेत मारून नेता येईल एवढेच आहे, हे त्यातला विस्तार पाहताना खरे वाटत नाही.

क्षितिज खूप खाली ओढून त्याने सुमारे दोन तृतीयांश कॅनव्हास आभाळाला देऊन टाकला आहे. नजरेला वाट दाखवायला दोन्ही बाजूंना उंच झाडे उभी करण्याची सोपी युक्ती त्याने इथे टाळली आहे. वाट दाखवतात त्या ढगांच्या सावल्या. उजेडाचा एक पट्टा, मग काळोखी, पुन्हा उजेड, असे पट्टे दूर जाताना निरुंद होत जातात आणि शेवटी सपाट रेषेवर सेंट बावोचे चर्च तेवढे डोके वर काढते. ढगही डोक्यावर अवाढव्य आणि क्षितिजाकडे लहान होत गेले आहेत, त्यामुळे जमिनीइतकीच खोली आभाळालाही येते.

उजेड मात्र त्याने उगाच कुठेही पाडलेला नाही. खाली गवतावर पांढऱ्या लांब पट्ट्या दिसतात, ते शुभ्र करण्यासाठी पसरलेले लिननचे कापड आहे. हार्लेमचा हा मोठा धंदा होता. परदेशातूनही कापड तिथे येई, ते क्षारात आणि आंबट ताकात भिजवून, वाळूच्या टेकड्यांतून झिरपणाऱ्या स्वच्छ पाण्यात धुऊन उन्हात पसरत. (ज्या कॅनव्हासवर हे रंगवले, तोही लिननचाच, हे मनात आल्यावर गंमत वाटली.)

काही अभ्यासक या शुभ्रतेत आत्म्याची निर्मळता पाहतात. चर्च चित्रात आहे, त्यामुळे तो अर्थ अगदीच निराधार म्हणता येत नाही. तरी मला तो ओढून आणलेला वाटतो. कापडाशेजारी वावरणाऱ्या त्या इवल्या माणसांचे पोट उन्हावर होते, आणि ऊन ढगांच्या हाती होते. या शांत चित्रात जी किंचित अस्वस्थता जाणवते, ती मला तरी हवामानाचीच वाटते.