जुन्या वास्तूत ट्रायपॉड नेण्याची परवानगी : माझा अनुभव

डोंगरदऱ्यांचे फोटो काढत होते तोवर ट्रायपॉड कुठे उभा करतेस, असं कधी कुणी विचारलं नाही. कातळावर उतरतं ऊन टिपता टिपता कमानी, खांब, जिने यांच्याकडे ओढली गेले आणि अडले ते परवानगीपाशी.

संरक्षित वास्तूत हातात कॅमेरा चालतो, ट्रायपॉडला मात्र लेखी परवानगी हवी. जमिनीला धक्का लागू नये, वाट अडू नये, हे मला पटतं. पण अर्जात ‘उद्देश’ या रकान्यात दोनच पर्याय होते: व्यावसायिक किंवा शैक्षणिक. मी दोन्हीत बसत नव्हते. खिडकीपलीकडून प्रश्न आला, "कुठल्या संस्थेतर्फे?"

"कुणातर्फे नाही. माझ्यासाठीच."

"मग मोबाईलवर काढा की, मॅडम."

संस्थेचं पत्र नाही म्हणून अर्ज परत. पुन्हा दिला, तर साहेब रजेवर. मग परवानगी आली ती भरदुपारची! मला हवा होता सकाळचा पहिला तास, कारण पूर्वेच्या झरोक्यातून ऊन तिरपं येतं ते तेव्हाच. छाया आखडल्यावर खांबाच्या कोरीव कामाला खोली राहत नाही. हे अर्जात लिहिलं होतं, पण वाचलं कुणी नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी काम झालं ते एका साध्या कागदामुळे. वास्तूचा आराखडा हाताने काढला, ट्रायपॉडच्या जागांवर फुल्या मारल्या आणि खाली लिहिलं: पायांना रबरी टोप्या, दिवे नाहीत, फ्लॅश नाही, सोबत माणसं नाहीत. आधीचे दोन प्रिंट जोडले. तुम्ही हा कागद पहिल्याच अर्जाला जोडा.

हेलपाटे चालू असताना मी साधं तिकीट काढून आत जाऊन बसायचे. ब्रिटिश छायाचित्रकार फ्रेडरिक इव्हान्स हेही कॅथेड्रलमधल्या (मोठ्या चर्चमधल्या) प्रकाशाची चाल आधी निरखत राहायचे आणि मग कॅमेरा लावायचे. इंग्लंडमधल्या वेल्स कॅथेड्रलच्या झिजलेल्या पायऱ्यांचा त्यांचा १९०३ मधला फोटो पाहिला की त्या निरखण्याचं मोल कळतं. ऊन कोणत्या खांबावरून कोणत्या पायरीवर सरकतं हे मला पाठ झालं. म्हणून परवानगीच्या सकाळी जागा शोधत फिरावं लागलं नाही.

ट्रायपॉड मिळेपर्यंत हातानेही बरंच जमतं. खांबाला पाठ टेकून एकाच चौकटीचे सोळा फोटो घ्या आणि संगणकावर एकमेकांवर जुळवून त्यांची सरासरी काढा. नॉइज, म्हणजे फोटोतले रवाळ ठिपके, साधारण चौथाईवर येतो. कॅमेरा वर कलवू नका, भिंती मागे झुकतात. सॉफ्टवेअरने त्या सरळ होतात, पण कडा कापल्या जातात. शिफ्ट लेन्स (कॅमेरा न कलवता चौकट वर सरकवणारी) भाड्याने मिळाली तर जरूर घ्या. ट्रायपॉड मिळाल्यावर दहा स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश सुमारे हजारपटीने कमी करणारी, लेन्ससमोरची गडद काच) असेल तर १/३० सेकंदाचं एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत घेण्याचा वेळ, सुमारे ३४ सेकंदांवर जातं आणि चालती माणसं फोटोतून जवळजवळ नाहीशी होतात. माझ्या सगळ्यात आवडत्या फोटोत ओसरी रिकामी दिसते ती यामुळेच, आणि त्या फोटोचा मला फार अभिमान आहे.

हो, परवानगीच्या दोन प्रती ठेवा. पहारेकऱ्यांची पाळी बदलते आणि नवा माणूस पहिल्यापासून विचारायला लागतो. सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आणि जावक क्रमांक ठळक दिसेल अशी प्रत त्याच्या हातात द्या. मूळ कागद देऊ नका.